मोठ्या चाकांच्या फार्गोची व्यवस्था

मी, जाईबाई भ्रतार दौलत धुमक, वय अंदाजे बावन्न, धंदा पूर्वी गिरणीत वाइंडिंग खात्यात, हल्ली मालवाहतूक, राहणार डिलाईल रोड, मुंबई, हे मृत्युपत्र माझ्या खोलीत खाटेवर बसून सांगत आहे आणि गिरगावचे मनमोहन तळपदे वकील ते लिहून घेत आहेत. माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब घालायला जे आले त्यांना मी चहा देऊन परत पाठवले. शरीराचे मात्र खरे नाही. गिरणीतला कापूस छातीत बसला तो बसलाच, आणि डॉक्टरांनी माझ्यापासून काही लपवलेले नाही.

वकिलांनी सुरुवातीलाच विचारले, "जाईबाई, कोणाला काय द्यायचे तेवढे सांगा. बाकीचे कशाला?" मी म्हटले, "नुसते काय दिले एवढेच लिहिलेत तर माझ्यामागे भांडणे होतील. का दिले तेही लिहा." त्यांनी चष्मा पुसला आणि लिहायला घेतले.

कलम १. यापूर्वी मी कसलाही कागद केलेला नाही. माझा अंगठा असलेला कागद कोणी पुढे आणला तर तो खोटा समजावा. मी अंगठा देत नाही, सही करते. माझी मुलगी सुभद्रा शाळेत होती तेव्हा तिने मला पाटीवर ती शिकवली.

कलम २. डिलाईल रोडची ही खोली भाड्याची आहे. ती मृत्युपत्राने देता येत नाही असे वकील म्हणतात. तरी माझी इच्छा अशी की सुभद्राने ती सोडू नये. ती नवऱ्याबरोबर अँटॉप हिलला सरकारी वसाहतीत सुखात आहे, पण बाईला आपल्या माहेरचे एक दार असावे. खोलीतली भांडी, शिवणाचे मशीन, माझी नथ आणि पोस्टात जे शिल्लक निघेल ते सर्व तिचे. पाटल्या तिने शोधू नयेत. त्या कुठे गेल्या ते पुढे येते.

कलम ३. आता गाडीचे. माझ्याजवळ मौल्यवान म्हणावी अशी एवढीच वस्तू आहे आणि तंटा झाला तर तिच्यावरूनच होईल, म्हणून हे कलम लांब आहे.

ही फार्गो पिकअप माझे यजमान दौलत यांनी लढाई संपल्यावर जुनी विकत घेतली. लष्करात ड्रायव्हर होते, त्या पगारातून काही शिल्लक होती, आणि उरलेली भर माझ्या गिरणीच्या पगारातून पडली. घरच्या शेतीचा एक दाणाही तिच्यात नाही. लालबाग, परळ, दादर इथला माल ते नेत, आणि गावाकडची माणसे बिऱ्हाड हलवताना त्यांनाच बोलावत. यजमानांमागे गाडी माझ्याकडे आली, आणि छप्पन सालच्या वारसा कायद्याने तिच्यावरचा माझा हक्क पुरता झाला, असे वकिलांनी मला समजावून सांगितले आहे. ती कोणाला द्यायची ते मी ठरवणार.

त्रेपन्न साली ऐन आषाढात माझ्या सासूबाई गावी वारल्या. आमची वाडी पोलादपूरच्या पलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत. बारावे करून आम्ही परत निघालो. गाडीत यजमान, मी आणि आमचा ड्रायव्हर सीताराम गोताड. यजमानांच्या पोटात पहाटेपासून कळा येत होत्या. आधी वाटले, बाराव्याचे जेवण बाधले. मग ते घामाने भिजले आणि त्यांना ताठ बसता येईना. महाडला डॉक्टर होता. सीतारामने घाई केली, पण वाडीतून मोठ्या रस्त्याला जाणारी वाट भाताच्या खाचरांमधून जाते, आणि तिथे मागची चाके रुतली.

टायर झिजून गुळगुळीत झाले होते. त्यांच्या उरल्यासुरल्या रेघांत चिखल भरला आणि चाके जागच्या जागी फिरू लागली. सीतारामने दगड घातले, पोती घातली, बांबू तोडून घातले. मी मागून रेटत होते. जेवढे फिरवावे तेवढे चाक खाली जाई. शेवटी गाडीचे पोट चिखलाला टेकले. यजमान पुढच्या बाकावर आडवे होते. मी दाराशी गेले तेव्हा म्हणाले, "जाये, चाक फिरतंय, पण गाडी काय हलत नाय." मी म्हटले, "बैल आणायला माणूस गेलाय." माझा हात घेऊन त्यांनी आपल्या पोटावर ठेवला.

पलीकडच्या वाडीतून बैल आले तेव्हा दुपार टळून गेली होती. गाडी निघाली. महाड दिसू लागण्याच्या आधी माझे यजमान गेले. डॉक्टर म्हणाले, आतडे फुटले होते, सकाळी आणले असते तर कापून काही करता आले असते. ते असे बोलले याबद्दल माझा राग नाही. मीच त्यांना विचारले होते.

कलम ४. यजमानांचे दिवस झाल्यावर माझे धाकटे दीर कोंडीराम खोलीवर आले. म्हणाले, "वयनी, बाईमाणसान गाडी ठेवून काय करायची हाय? वीक आणि मोकळी हो." मी म्हटले, "भावजी, गाडी विकायची नाही. तिची चाके बदलायची आहेत." त्यांना वाटले, दुःखाने माझे डोके फिरले.

मी परळला रघुवीर मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये गेले. यजमानांची गाडी तेच बघत. मी सांगितले, "मिस्त्री, चिखलात अडकणार नाहीत अशी चाके बसवा. असतील त्यांतली सगळ्यांत मोठी."

रघुवीर मिस्त्रींनी मला स्टुलावर बसवले. ते म्हणाले, "जाईबाई, चाक मोठं घेतलं की गाडी उंच होते, पोट खाली टेकत नाही, हे खरं. पण इंजिन तेच राहणार. त्याच इंजिनाला जड चाक फिरवायला लागेल. घाटात गाडी दमेल, पेट्रोल जास्त पिईल. ब्रेकही तेच, म्हणजे उतारावर पूर्वीपेक्षा उशिरा थांबेल. वळणावर डुलेल. आणि काटा खोटं बोलायला लागेल. तो सांगेल त्याहून गाडी जोरात धावत असेल."

"पण चिखलातून निघेल?"

"टायर योग्य असला तर निघेल."

"मग टायरचे सांगा."

त्यांनी दोन टायर पुढे लोटले. एक साधा, सरळ रेघांचा, डांबरी रस्त्यावर न बोलता चालणारा. दुसरा लष्करी लिलावातून आलेला, बोटभर जाडीचे दाते असलेला, दात्यांमध्ये मोकळी जागा. ते म्हणाले, "या रेघांत चिखल बसला की तो टायर राहत नाही, मातीचं लाटणं होतं. ह्याच्या फटीतला चिखल चाक फिरताना झडून पडतो, दाता पुन्हा माती धरतो. पण डांबरावर हा गुरगुरेल, गाडी हादरवेल आणि लवकर झिजेल. तुमची गाडी बारा महिने मुंबईतच राहणार असेल तर मी हा देणार नाही."

मी म्हटले, "बारा महिने मुंबईत राहणार नाही."

कोपऱ्यात लष्कराच्या मोठ्या ट्रकची चाके उभी होती, माझ्या छातीला लागतील एवढी. मी त्यांच्यावर हात ठेवला. रघुवीर मिस्त्रींनी मान हलवली. "ती नकोत. नटांची भोकं जुळवून आणीन मी, पण अर्धं मडगार्ड कापावं लागेल, सीतारामला स्टिअरिंग वळवता वळवता घाम फुटेल, आणि भरल्या गाडीचा आस कधी मोडेल सांगता येणार नाही. दौलतराव जपायचे हिला. हिला पेलेल तेवढंच घाला."

यजमानांचे नाव त्यांनी काढले तेव्हा मी पदर डोळ्यांना लावला, आणि त्यांनी मला वेळ दिला. मग आम्ही ठरवले. पहिल्यापेक्षा मोठे पण त्या राक्षसी चाकांहून लहान, भरल्या गाडीचा भार उचलतील असे. मागे दातेरी, कारण ढकलायचे काम मागच्या चाकांचे. पुढे रेघांचे, कारण वळायचे काम पुढच्यांचे. चाके बसवून स्टिअरिंग पुरते फिरवले तर टायर मडगार्डला घासू लागला. मिस्त्रींनी पत्र्याची कड कापून वळवली. सीताराम गाडी काढायला गेला तर ते आडवे आले. "ब्रेक नवे केल्याशिवाय ही माझ्या दारातून जाणार नाही." दोन्ही पाटल्या तिथे गेल्या. सुभद्रा, तुझ्या लग्नात मी हातात नुसत्या काचेच्या बांगड्या घातल्या होत्या. तू विचारले नव्हतेस, म्हणून आता सांगते.

गाडी चाळीच्या दारात आली तेव्हा सगळी चाळ गॅलरीत लोटली. कोंडीराम भावजी सर्वांच्या देखत म्हणाले, "भावाची गाडी हाय की रणगाडा? नवरा गेला, आता सोना पण चाकात घातल्यान. बायकांना चाकातला काय कळता?" लोक हसले. मी वर जाऊन भात टाकला. त्यानंतर भावजींनी कोर्टात अर्ज केला की गाडी सामाईक घरची आहे. आमचे बोलणे बंद झाले.

कलम ५. पुढल्या पावसाळ्यात सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला मी त्याच वाटेने गेले. खाचरांपाशी मी सीतारामला थांबवून खाली उतरले आणि बांधावर उभी राहिले. तो गाडी घेऊन आत शिरला. मागच्या चाकांनी चिखल उडवला, गाडी जरा बाजूला सरकली, मग दात्यांनी खालची घट्ट माती धरली आणि ती न थांबता पलीकडे गेली. सीतारामने मागे वळून हात केला. मला आनंद झाला असे मी लिहून देणार नाही. मी तिथेच बांधावर बसले आणि यजमान गेले त्या दिवशी रडले नव्हते तेवढे रडले.

त्यानंतर त्या मुलखातून अडलेल्या बायका, ताप चढलेली पोरे, झाडावरून पडलेले गडी, असे कितीतरी गाडीच्या मागच्या हौद्यातून महाडला पोचले.

कलम ६. लालबागचे अप्पा पेडणेकर मूर्तिकार यांच्याशी माझे पटत नाही, त्याचे कारण इथे असावे. चोपन्नच्या गणपतीला त्यांची शाडूची मूर्ती याच गाडीतून दादरला निघाली. हिंदमाताच्या रस्त्यावर टायरांनी अशी काही थरथर धरली की मूर्तीचा एक हात कोपरातून तडकला. अप्पा भर रस्त्यात मला बोलले. खरे तर ते बरोबर होते. या टायरांवर मूर्ती, काचसामान आणि अंडी कधीही नेऊ नयेत, कितीही गवत घातले तरी. अप्पा आज साक्षीला बसले आहेत आणि हे ऐकून मान हलवत आहेत. म्हणतात, "जाईबाई, सोंडही सरकली होती, ते नाही लिहिलंत." तेही लिहावे.

कलम ७. छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी घोषणा झाली आणि गिरणगाव रस्त्यावर आले. आमच्या रस्त्यावर लोकांनी फरशा उपटून, हातगाड्या उलथून, लोखंडी नळ आडवे टाकून वाट बंद केली होती. दुपारी गोळीबार झाला. आधी आम्हाला फटाके वाटले.

कोंडीराम भावजी धावत जिना चढून आले. अंगात सदरा नव्हता, तो त्यांनी फाडून कुठे बांधला होता. दोन वर्षांत ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. दारातच म्हणाले, "वयनी, कुशाबाला गोळी लागली. टॅक्शी येत नाय, ॲम्ब्युलन्स पुलाच्या पल्याड अडकलीय. तुझी गाडी काढ. वयनी, पाया पडतो, गाडी काढ."

कुशाबा त्यांचा एकुलता एक. तेव्हा नुकता गिरणीत साच्यावर, कापड विणायला, लागला होता.

माझ्या तोंडात त्या वेळी पुष्कळ काही आले असते. मी गॅलरीतून हाक मारली आणि सीताराम जेवणावरून तसाच उठला.

कुशाबाच्या मांडीत गोळी होती. त्याला हौद्यात घेतला तेव्हा लोकांनी आणखी जखमी आणून घातले. मी मागे बसले. करी रोडच्या पुलाच्या चढाशी दगडांचा ढीग रस्ताभर पसरला होता. माणसे हातांनी दगड उचलू लागली, पण ते काम संपणारे नव्हते. सीताराम ओरडला, "बाजूला व्हा! वरून घालतो!" त्याने गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली. पुढची चाके दगडांवर चढली, गाडी एका अंगाला कलली, भावजी फळी धरून "देवा, देवा" करत होते. क्षणभर मागचे चाक घसरले. मग दात्यांना दगड सापडला आणि गाडी ढीग ओलांडून पलीकडे उतरली. खाली पोटाला काही लागले नाही. असे लालबागपर्यंत आणखी ढीग आले, ती सगळ्यांवरून गेली.

माझ्या मांडीवर एका अनोळखी तरुणाचे डोके होते. पोटात लागले होते. मी लुगड्याचा पदर दाबून धरला होता. तो मला म्हणाला, "मावशी, पूल आला काय?" मी म्हटले, "आला बाबा, उतरतोच आहोत." "मग इस्पितळ जवळ हाय." "हो, अगदी जवळ." परळच्या इस्पितळाच्या फाटकात गाडी वळली तेव्हा तो शांत झाला होता. मला वाटले, झोपला. डॉक्टरांनी त्याला उचलले आणि माझ्याकडे पाहून मान हलवली.

कुशाबा वाचला. त्या तरुणाचे नाव मला कळले नाही. दुसऱ्या दिवशी विचारायला गेले तर त्याचे लोक त्याला घेऊन गेले होते. या मृत्युपत्रात त्याच्यासाठी काही करावे अशी माझी इच्छा होती. वकील म्हणाले, "नाव नसलेल्या माणसाला देता येत नाही, जाईबाई." आता आपले राज्य होणार असे सगळे म्हणतात. मला पाहायला मिळाले तर पाहीन. त्याला मिळाले नाही, एवढे या कागदात राहू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत आले तर खाली कोंडीराम भावजी गाडीचा हौदा धूत होते. नळावरून बादल्या आणत होते, काथ्याने फळ्या घासत होते, फटींतले काडीने काढत होते. मग खाली बसून त्यांनी चारही चाके धुतली. एकदाही वर पाहिले नाही. कोर्टातला अर्ज त्यांनी पुढे काढून घेतला.

कलम ८. ही गाडी, तिची चाके, जास्तीचे चाक, जॅक आणि सर्व सामान मी सीताराम गोताड आणि माझा पुतण्या कुशाबा कोंडीराम धुमक या दोघांना सारख्या हक्काने देते. सीतारामला, कारण माझ्या घरच्या कोणत्याही वाईट वेळी गाडीवर तोच होता. कुशाबाला, कारण गोळीनंतर त्याला साच्यापुढे दिवसभर उभे राहवेना, म्हणून तो सीतारामच्या हाताखाली आला, आणि आता तो घाट उतरताना ब्रेकवर नाही, गिअरवर गाडी धरतो. मी शेजारी बसून पाहिले आहे. सीतारामचे हात चालतील तोवर गाडी कुठे न्यायची ते सीताराम ठरवील.

अट अशी की वाटेत आजारी, जखमी, अडलेले कोणी भेटले तर भाडे विचारू नये आणि जात विचारू नये. ही अट कोर्टात टिकणार नाही असे वकील म्हणतात. तरी लिहा म्हटले.

टायर झिजले की काय घालायचे ते त्या दोघांनी ठरवावे. पुढे वाडीपर्यंत पक्का रस्ता झाला तर दातेरी टायर काढून साधे घालावेत, गाडीला आणि बसणाऱ्याला तेवढाच आराम. मी ही चाके एका वाटेसाठी निवडली होती. ती वाट बदलली तर माझ्यासाठी म्हणून कोणी ती ठेवू नयेत. फक्त मोठ्याहून मोठी चाके घालण्याचा मोह झाला तर आधी रघुवीर मिस्त्रींना विचारावे, आणि ब्रेक पाहिल्याशिवाय त्यांच्या दारातून गाडी काढू नये.

कलम ९. माझे दीर कोंडीराम यांचा गाडीवर काही हक्क नाही. यजमानांचा लष्करी कोट पेटीत आहे, तो त्यांना द्यावा. तो त्यांना थंडीत हवा असे, आणि मी मुद्दाम दिला नव्हता. चाळीसमोर ते जे बोलले ते मी विसरलेले नाही. त्यांनी हौदा धुतला तेही विसरलेले नाही. दोन्ही माझ्याबरोबर जाऊ द्यात.

कलम १०. या सर्वाची अंमलबजावणी मनमोहन तळपदे वकील यांनी करावी.

कलम ११. माझ्या मागच्या क्रियेत खर्च नको. मला गाडीतून नेऊ नये. चार माणसांनी खांद्यावरून न्यावे, कोंडीराम भावजींना खांदा द्यायचा असेल तर द्यावा. त्या दिवशी गाडीचे काम ठरलेले असेल तर सीतारामने ते मोडू नये. आणि कोणी वाटेत अडकले असल्याचा निरोप आला, तर सीतारामने आणि कुशाबाने आधी त्याला घेऊन यावे. मी थांबेन.

वरील सर्व मजकूर वकिलांनी मला वाचून दाखवला. माझ्या बोलण्याप्रमाणे आहे. एके ठिकाणी त्यांनी "कै. दौलत" लिहिले होते, ते मी खोडायला लावून "माझे यजमान" करून घेतले. पुढची सही माझीच आहे, खाटेवर बसून केली म्हणून वाकडी आली आहे.

(सही) जाईबाई दौलत धुमक

आमच्या समक्ष जाईबाईंनी समजून उमजून सही केली आणि त्यांच्या समक्ष आम्ही केली:

साक्षीदार १. (सही) रघुवीर आचरेकर, मोटार मिस्त्री, परळ
साक्षीदार २. (सही) गोविंद ऊर्फ अप्पा पेडणेकर, मूर्तिकार, लालबाग

लिहून घेणार: (सही) मनमोहन तळपदे, वकील, गिरगाव

मुक्काम डिलाईल रोड, मुंबई. रविवार, तारीख २० मार्च १९६०.